दाविदमास्तरांचा रिकामा रकाना

उघड्या दारावर टकटक करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बडा गणपतीजवळच्या गल्लीत आमचा छापखाना होता. त्याचं दार सकाळी उघडलं की दिवे लागेपर्यंत बंद होत नसे. पोस्टमन, भाजीवाली, कधी एखादी गाय, सगळे न विचारता आत यायचे. दाविदमास्तर मात्र उंबऱ्याबाहेर थांबून चौकटीवर बोटाच्या पेरानं तीनदा वाजवायचे आणि म्हणायचे, "येऊ का? अडचण तर नाही ना?" मशीनच्या खडखडाटात ते कुणाला ऐकूच जायचं नाही. मग मास्तर तसेच उभे राहायचे. एकदा ते वैशाखाच्या उन्हात अर्धा तास उभे होते. मी बाहेर डोकावले नसते तर पडलेच असते.

"अहो मास्तर, बिल्कुल कमाल करता तुम्ही. आत यायचं ना सरळ!"

"नको ताई. कुणी काही महत्त्वाचं बोलत असलं तर?"

तेव्हा आमचं राज्य मध्य भारत होतं. सरकार थंडीत ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायचं, म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात सरकारी फॉर्मांचे ढीग आणि थंडीत लग्नपत्रिका. आजोबा संस्थानच्या छापखान्यात होते, वडिलांनी स्वतःचा काढला, आणि वडिलांना लकवा झाल्यावर त्यांच्या टेबलाशी मी बसायला लागले. सत्ताविसाव्या वर्षी लग्न न झालेली मुलगी छापखाना चालवते, याचं गल्लीला फार कौतुक नव्हतं. मी वरून कडक आणि आतून भित्री. मशीनचा पट्टा सुटेल, कुणाची बोटं जातील, याचा धसका मनात कायम असायचा. म्हणूनच बहुधा माझ्याहून भित्रा माणूस दिसला की मला बरं वाटायचं, आणि दाविदमास्तरांइतका भित्रा माणूस अख्ख्या इंदुरात नव्हता.

पूर्ण नाव दाविद लक्ष्मण पारधे. मिशनच्या शाळेत मराठी आणि शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवायचे. मूळचे नगरकडचे, आजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालेलं घर. तीस वर्षांपूर्वी बायकोला घेऊन इंदूरला आले ते परत गेले नाहीत. मिशनची पत्रकं, प्रार्थनांची घडीपत्रकं, गीतांची पुस्तकं आमच्याकडे छापायला यायची आणि त्यांची प्रुफं तपासायला मास्तर यायचे. उंच, जरा वाकलेले, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा कोट, आणि हातात सायकल. हातातच. सायकलवर बसलेले मास्तर कुणी पाहिले नव्हते. छावणीपलीकडून बडा गणपतीपर्यंत ते सायकल हाताशी धरून, तिला सांभाळत चालत यायचे.

"मग आणता कशाला?" मी एकदा विचारलंच.

"शाळेनं दिलीय. वापरली नाही तर बरं दिसत नाही."

"मग बसा ना तिच्यावर."

"बसलो आणि कुणाला लागलं, तर? ह्याचं उत्तर द्यावं लागेल हं, ताई."

हे त्यांचं पालुपद. ह्याचं उत्तर द्यावं लागेल हं. चहात साखर जास्त पडली, वर्गात पोरगं उगाच मार खाऊन गेलं, चर्चच्या मंडळीत कुणाच्या नमस्काराकडे लक्ष गेलं नाही, की मास्तर हे वाक्य म्हणायचे. सुरुवातीला मला वाटायचं, हेडमास्तरांना उत्तर द्यायचं असेल. पुढे कळलं की त्यांच्या डोळ्यांसमोर शेवटच्या दिवसाचं न्यायासन असायचं, आणि तिथं त्यांची पाटी हातात घेऊन कुणीतरी बसलेलं असायचं.

त्यांच्या तळहातांना घाम यायचा. ओल्या बोटांनी प्रूफ खराब होईल म्हणून ते खिशात एक धुतलेला फडका ठेवायचे आणि कागद त्या फडक्यातून धरायचे. वाचायचेही उलटे. शेवटच्या ओळीपासून पहिल्या ओळीकडे, ओळीखाली लाकडी पट्टी धरून, एकेक शब्द. सुलट वाचलं की मन अर्थाच्या मागे धावतं आणि चूक सुटते, असं त्यांचं म्हणणं. पानात चूक सापडली नाही तर समाधान वाटायच्याऐवजी ते घाबरे व्हायचे आणि पुन्हा शेवटापासून सुरू करायचे.

आमचे जुने जुळारी गेंदालालजी, म्हणजे खिळे, शिशाची अक्षरं, जुळवणारे, ह्या उलट्या वाचनावर फार खूश होते. "मास्टर साब सरीखो आदमी म्हने नी देख्यो, बाईसाब," ते मला म्हणायचे. "दुसरे लोग तो किताब पढ़े, ये खीला पढ़े." गेंदालालजींनी चाळीस वर्षं खिळे जुळवले होते. कामात कुणाचं ऐकायचे नाहीत, वडिलांचंसुद्धा नाही, पण मास्तरांची खूण दिसली की मुकाट्यानं दुरुस्ती करायचे.

एकदा मात्र चूक सुटली. एका प्रार्थनापत्रकात अध्यायाचा आकडा चुकला आणि पाचशे प्रती छापून झाल्यावर मास्तरांच्या लक्षात आला. मी म्हटलं, "जाऊ द्या. कोण बघतंय? ज्याला वचन माहीत आहे त्याला आकडा कशाला लागतो?"

"आणि ज्याला माहीत नाही तो?" मास्तरांचा चेहरा उतरला होता. "तो तो अध्याय उघडील, तिथं भलतंच काही असेल. पाचशे माणसं चुकीच्या दारात जाऊन उभी राहतील, ताई."

ते तीन दिवस शाळा सुटल्यावर येऊन बसले. प्रत्येक प्रतीवरचा आकडा निबेच्या टोकानं खोडून वर बारीक अक्षरात दुसरा लिहीत होते. मी हसले, गेंदालालजी हसले. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर बसून शंभर प्रती सुधारल्या, तेव्हा माझं हसू गेलं. तो माणूस प्रत्येक आकडा लिहून झाला की पुन्हा मूळ वचनाशी पडताळून बघत होता.

मग त्या उन्हाळ्यात तुलनेचं पुस्तक आलं.

त्या वर्षी बुद्धाचं नाव सगळीकडे होतं. गिरणीच्या वस्तीत सभा होत होत्या, लोक धर्म बदलायच्या गोष्टी उघड बोलत होते, आणि मिशनच्या लोकांना वाटलं की ख्रिस्ती आणि बौद्ध ह्या दोन धर्मांत फरक काय, हे सांगणारं एक छोटं पुस्तक साध्या मराठीत असावं. ते काम मास्तरांना दिलं. दुसरा कुणी असता तर आठ दिवसांत जुळवून मोकळा झाला असता. मास्तरांनी बौद्धांची पुस्तकं मागवली, ती वाचली, आणि मग ज्याच्याशी बोलून खात्री करता येईल असा माणूस शोधायला लागले.

तो माणूस त्यांना आमच्याच छापखान्यात सापडला. निकाळजे नावाचे मिलमधले फिटर होते, महूकडचे, ऐन चाळिशीतले, बुद्धजयंतीची पत्रकं छापून घ्यायला यायचे. रुंद खांदे, मोठा आवाज, कुणाच्या बापाला न भिणारा माणूस. मास्तरांनी त्यांना अगदी हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला थोडं विचारलं तर चालेल का? अडचण तर नाही ना?" निकाळजे हसले आणि स्टूल ओढून बसले. त्यानंतर दर शनिवारी दुपारी दोघांची बैठक व्हायची. माझं टेबल मध्ये, ते दोघं दोन बाजूंना.

त्यातली एक दुपार मी विसरले नाही.

"तुमच्याकडे जाब कोण मागतं?" मास्तरांनी विचारलं.

"कोणी नाही."

"म्हणजे माणसानं वाईट केलं तर?"

"त्याचं फळ त्याला मिळतं. विस्तवात हात घातला की भाजतो ना, मास्तर? विस्तव काही रागावलेला नसतो."

मास्तर पट्टी बोटांत फिरवायला लागले. मग म्हणाले, "पण विस्तवाची माफी मागता येत नाही."

निकाळज्यांनी स्टूल जरा पुढे ओढलं.

"आमचा देव न्याय करतो," मास्तर म्हणाले. "मला त्याची रोज भीती वाटते. सकाळी उठलो की वाटते. पण त्याच्या पायाशी पडता तरी येतं. तो बाप आहे, त्यानं आपला मुलगा दिला, तो क्षमा करील, असं म्हणता येतं. तुमच्याकडे पडायचं कुणाच्या पायाशी?"

"कोणाच्याच नाही," निकाळजे म्हणाले. "म्हणूनच तर मला ते पटलं. आमच्या बापजाद्यांनी पाया पडण्यातच जन्म काढले, मास्तर. आता माझं मी बघीन. चूक माझी, मेहनत माझी, सुटकाबी माझी."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. एकट्याला चालायचंय मतलब वाटणारच."

हे ऐकून मास्तरांनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. आमच्या घरात शनिवारी मारुतीला तेल घातलं की देवाधर्माचं काम झालं. एकाला समोर बसलेल्याची भीती आणि दुसऱ्याला समोर कुणीच नसल्याची, असं इतक्या जवळून मी कधी बघितलं नव्हतं.

पुस्तकाच्या शेवटी मास्तरांनी एक तक्ता घातला होता. डावीकडे विषय, मग दोन रकाने. देव: एकीकडे निर्माता आणि पिता, दुसरीकडे निर्माता मानलेला नाही. आत्मा: एकीकडे अमर, दुसरीकडे कायम टिकणारा असा आत्मा नाही. ह्या ओळीसाठी त्यांनी निकाळज्यांना दोन शनिवार छळलं होतं. आत्मा नाही तर पुढे जातं काय? निकाळज्यांनी शेवटी खिशातून सुताचा एक धागा काढून दाखवला होता. ह्यात कापसाचा एकही तंतू ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नाही, तरी धागा चालू आहे, तसं काहीतरी समजा. मास्तरांनी तो धागा वहीत ठेवून दिला. पाप: एकीकडे कृपेनं क्षमा, दुसरीकडे कर्माचं फळ. शेवट: एकीकडे न्याय आणि सार्वकालिक जीवन, दुसरीकडे तृष्णा विझणं, निर्वाण. आणि 'दुःखी माणसाशी कसे वागावे' ह्या ओळीत दोन्ही रकान्यांत एकच वाक्य होतं, शब्दाला शब्द. गेंदालालजींनी ते आणून मला दाखवलं, "मास्टर साब से गलती हुई दीखे. दोनों खाने में एक ही मैटर हे." मास्तरांनी सांगितलं, गलती नाही, तसंच ठेवा. आणि सांगून झाल्यावर घाम पुसत म्हणाले, "ह्याचं उत्तर द्यावं लागेल हं मला."

तक्त्याची शेवटची ओळ होती, 'अर्भक मरण पावले तर'. तिच्यापुढचे दोन्ही रकाने कोरे होते.

आता इथं आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. लिहिणाऱ्याला जागा कोरीच ठेवायची असेल तर तो तिथं आडवी रेघ मारतो. रेघही नाही आणि मजकूरही नाही, तर मजकूर मागून यायचा आहे असं धरायचं. मग जुळारी त्या जागी खिळे पालथे, बूड वर करून बसवतो. प्रुफात तिथं काळ्या काळ्या चौकटी उमटतात. त्या इतक्या कुरूप दिसतात की कुणाच्या नजरेतून सुटत नाहीत, आणि मजकूर आल्याशिवाय पान मशीनवर चढत नाही. मास्तरांना हे ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी काही अर्धवट दिलंच नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखं तक्त्याचं प्रूफ फडक्यातून धरलं आणि शेवटापासून वाचायला घेतलं. म्हणजे पहिल्यांदा नजर पडली ती त्या काळ्या ओळीवर. कागद हातातून सुटला. मला वाटलं त्यांना चक्कर आली.

"हे कुणी केलं?" त्यांनी खाली पडलेल्या कागदाकडे बोट केलं. "हे काळं कुणी केलं?"

मी घाईघाईनं रीत समजावून सांगितली. गेंदालालजी पाणी घेऊन आले. मास्तर पाणी प्यायले नाहीत. "मला वाटलं," ते म्हणाले, "मला वाटलं, उत्तर आलं."

मग त्यांनी सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच सांगत असावेत, कारण वाक्यं जुळत नव्हती.

लग्नानंतर सहा वर्षांनी त्यांना मुलगी झाली होती. तिकडे, नगरकडच्या गावी. गावात मंडळीचे आपले देशी पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते, शेजारच्याच घरात. ते म्हणाले, येत्या रविवारी बाप्तिस्मा देऊ. पण मास्तर तेव्हा पंचविशीतले, शाळेत नुकते लागलेले. थंडीत गोरे साहेब दौऱ्यावर यायचे, तंबू ठोकायचे, सगळा गाव जमायचा. साहेबांच्या हातून बाप्तिस्मा व्हावा, लोकांनी बघावं, असं मास्तरांच्या मनात आलं. चार-पाच दिवसांचा तर प्रश्न होता. साहेब आले त्याच्या आदल्या दिवशी मुलगी गेली. आठ दिवसांची होती. नाव ठेवलेलं नव्हतं. बाप्तिस्मा न झालेली म्हणून कबरस्तानात कुंपणाशी जागा मिळाली.

"कुणी मला काही बोललं नाही," मास्तर म्हणाले. "साहेब म्हणाले, देव दयाळू आहे, काळजी करू नका. पण 'ती त्याच्यापाशी आहे' असं नाही म्हणाले, ताई. मी वाट बघत होतो. नाही म्हणाले ते."

"आणि बाई?"

"मार्था तेव्हा विचारायची, आपलं बाळ कुठंय. मी म्हणालो, प्रभूची इच्छा, हा विषय पुन्हा काढायचा नाही. मी भ्यालो होतो. तिनं पुन्हा कधी काढला नाही. आता ती दवाखान्यात आहे. काळीज मोठं झालंय म्हणतात. ती आता विचारील. रोज दुपारी भेटायला जातो तेव्हा वाटतं, आज विचारणार."

"तुमच्या पुस्तकात नाही काही?"

"आमच्या शास्त्रात मी शोधून शोधून थकलो. आशा आहे, पण अक्षर नाही. म्हणून निकाळज्यांना विचारलं. ते म्हणाले, काही प्रश्न बुद्धांना विचारले तर ते गप्पच राहायचे. त्यांच्याकडे गप्प राहता येतं. मास्तराला गप्प कसं राहता येईल?" त्यांनी ते प्रूफ घडी घालून माझ्याकडे दिलं. "ही ओळ काढून टाका. मी घालायलाच नको होती. आणि हा कागद फाडा."

ओळ काढली. नवं प्रूफ निघालं. मिशनच्या दवाखान्यातून मार्थाबाईंचा निरोप आला होता की यांनी काय लिहिलंय ते मला बघायचंय, चष्मा आहे माझ्याजवळ. तेव्हा मास्तरांना शाळेत परीक्षा होत्या. मी गेंदालालजींना सांगितलं, टेबलावरचं प्रूफ दवाखान्यात देऊन या. टेबलावर प्रुफं दोन होती. जुनं फाडायचं मी विसरले होते.

हे माझ्या लक्षात आलं दुसऱ्या दिवशी, दवाखान्यातल्या आयेनं येऊन सांगितलं तेव्हा. "पारधेबाईंनी बुलाया है. कागज के बारे में." मी टेबल बघितलं, तर नवं प्रूफ तिथंच पडलेलं. मी टांग्यात बसले तेव्हा मनात एकच होतं, आजारी बाई, मोठं झालेलं काळीज, आणि मी तिच्या हातात हे दिलं.

बायकांच्या वॉर्डात खिडकीपाशी मार्थाबाई उशांना टेकून बसल्या होत्या. मी त्यांना आधी एकदाच पाहिलं होतं. बारीक चणीची, डोक्यावरून पदर घेतलेली बाई. चष्मा नाकावर होता आणि प्रूफ मांडीवर पसरलेलं होतं.

"बस बाई," त्या म्हणाल्या. त्यांची बोली अजून नगरचीच होती. "मला एवढंच सांग, हे काळं काय हाय?"

खोटं बोलावं असं मनात आलं. मशीन खराब होती, शाई सांडली, काहीही सांगता आलं असतं. पण त्या चष्म्यातून माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "मजकूर यायचा आहे, बाई. मजकूर आला नाही की आम्ही असे पालथे खिळे बसवतो. जागा जाऊ नये म्हणून."

"म्हंजे जागा धरून ठेवलीय?"

"हो."

"ह्यांनी?"

"हो. मास्तरांनी."

त्यांनी त्या काळ्या ओळीवरून बोट फिरवलं. "तीस वर्सं मला वाटत व्हतं, ह्यांनी ती जागा पुसून टाकली," त्या म्हणाल्या, आणि चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्या. मला रडू आवरेना.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. वॉर्डाचं दार सताड उघडं होतं. मास्तर बाहेर उभे होते, परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा काखेत धरून. "येऊ का?" असं म्हणता म्हणता त्यांना मांडीवरचा कागद दिसला. मी आयुष्यात माणसाचा चेहरा इतका पांढरा झालेला पाहिला नाही. मला वाटलं, आता हे वळून निघून जातील.

"या आत," मार्थाबाई म्हणाल्या. "सांगा आता. कुठंय ती?"

मास्तर खाटेजवळ आले. पेपरांचा गठ्ठा खाली ठेवायचं त्यांना सुचेना. वॉर्डात दुसऱ्या टोकाला कुणीतरी भांडी घासत होतं, तेवढाच आवाज.

"मला माहीत नाही," शेवटी ते म्हणाले. "मी सगळीकडे बघितलं, मार्था. आपल्यात बघितलं, त्यांच्यात बघितलं. मला माहीत नाही. मी साहेबांसाठी थांबलो. माझ्यामुळं झालं. मला फार भीती वाटते."

"मला बी वाटती," मार्थाबाई म्हणाल्या. "एकटीला लई वाटली. आता दोघं मिळून भिऊ." आणि त्यांनी खाटेवर जरा सरकून जागा केली.

मास्तर टेकले. मी उठले, तेव्हा मार्थाबाई त्यांना सांगत होत्या, "तिला नाव व्हतं. मी ठिवलं व्हतं मनात. शेवंता. शेवंतीचे दिस व्हते ते." एरवी मास्तर म्हणाले असते, हे नाव शास्त्रातलं नाही. त्या दिवशी खाली मान घालून त्यांनी नाव एकदा उच्चारलं.

त्यानंतर मार्थाबाई नऊ दिवस होत्या. मास्तर रोज दुपारी जायचे. मातीच्या दिवशी मी आणि गेंदालालजी गेलो. निकाळजेही आले होते, गर्दीत मागे उभे, टोपी हातात घेऊन. मास्तरांनी मूठभर माती टाकली आणि कुंपणाकडे बघत राहिले. इंदूरचं कबरस्तान होतं ते, तिथल्या कुंपणाशी त्यांचं कुणी नव्हतं, तरी बघत राहिले.

पुस्तक छापलं गेलं नाही. मास्तरांनी काढलेली ओळ परत घातली आणि रकाने कोरे ठेवा म्हणाले. मिशनचे साहेब भले होते. त्यांनी समजावून सांगितलं की असं अर्धवट पुस्तक लोकांच्या हातात देता येणार नाही, घाबरलेल्या लोकांना आणखी घाबरवल्यासारखं होईल. त्यांचंही खोटं नव्हतं. मास्तरांनी मान डोलावली, पण ओळ काढली नाही. जुळवलेली पानं, त्या ओळीतल्या पालथ्या खिळ्यांसकट, सुतळीनं बांधून गेंदालालजींनी फळीवर ठेवून दिली. खिळे कमी पडले तरी ती सोडायला ते तयार नसत. "मैटर आयो नी हे अभी," एवढंच म्हणायचे.

त्याच वर्षी निकाळजे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि थोड्याच दिवसांनी मध्य भारत संपून मध्य प्रदेश झाला. सगळ्या कचेऱ्यांना नवी नावं हवी होती. आमच्याकडे बसायला फुरसत नव्हती. त्या गडबडीत एका सकाळी चौकटीवर तीनदा टकटक झाली.

मास्तर शाळा सोडून नगरकडे चालले होते, कायमचे. सायकल शाळेत परत द्यायची होती, तिकडे जाता जाता आले होते. "एक काम आहे, ताई. अडचण तर नाही ना? ती शेवटची ओळ तेवढी एका कागदावर छापून हवी. दोनच प्रती."

"रकान्यात काय घालायचं?"

"शेवंता," ते म्हणाले. "दोन्हीकडे तेच."

गेंदालालजींनी फळीवरची पानं उतरवली. पालथे खिळे एकेक करून चिमट्यानं काढले आणि त्या जागी नाव बसवलं. दोन्ही खान्यांत एकच मजकूर आहे, गलती तर नाही, असं या वेळी त्यांनी विचारलं नाही. हातानं शाई लावून मी कागद दाबला.

मास्तरांनी खिशात हात घातला. फडका होता, पण तो काढला नाही. ओला कागद उघड्या बोटांनी धरला, पट्टी लावली आणि शेवटापासून वाचायला लागले. शेवंता. शेवंता. मग उलट क्रमानं तर, पावले, मरण, अर्भक. परत शेवटाकडून. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाले, "ह्याचं उत्तर द्यावं लागेल हं."

मला वाटलं, नेहमीसारखी त्यांना धास्ती वाटतेय. मी म्हटलं, "कसलं उत्तर, मास्तर? कुणाला विचारणारेत? हा कागद कुणी बघणारसुद्धा नाही."

"मला नाही," ते म्हणाले. हातातली पट्टी त्यांनी हळूच वर, छताकडे केली. "त्याला."

बोलून गेल्यावर ते इतके दचकले की दोन पावलं मागे सरले आणि वर बघत राहिले, जणू आता काहीतरी अंगावर कोसळणार. मीही बघितलं. पत्र्याचं छत होतं, जाळी लागलेलं. काही झालं नाही. मशीन खडखडत होती. मास्तरांनी दोन्ही कागद घडी न घालता कोटाच्या आत ठेवले आणि बटणं गळ्यापर्यंत लावली.

मी दारापर्यंत गेले. त्यांनी सायकल भिंतीपासून काढली, थोडा वेळ तिच्याकडे बघितलं, गल्लीत दोन्ही बाजूंना बघितलं, आणि एक पाय पलीकडे टाकला. माझ्या तोंडून "अहो मास्तर!" असं निघून गेलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. सायकल एकदा गटाराकडे गेली, एकदा भाजीच्या गाडीकडे, गाडीवाला "देख के, भिया!" म्हणून ओरडला. मी चौकट धरून उभी होते, आणि ते कोट फडफडवत, दोन्ही हातांनी हँडल घट्ट आवळून, कोपऱ्यापर्यंत न पडता गेले.